कोंबड्यांचं नवं खाद्य

९ डिसेंबर
आमचं शेड बंद करायचा विषय ग्रामसभेत येणार, २६ जानेवारीला. शेजारचे कोंडाजी आबा बांधावर येऊन स्वतःच सांगून गेले. "यशोधरा, वासानं घास उतरंना. पावसात तुज्या कोंबड्यांची घाण माज्या विहिरीत उतरती, पाणी हिरवं पडतंय. राग नको धरू, पर मी बोलणार."
राग कसला? सकाळी अंडी वेचताना माझेच डोळे झोंबतात. पण आठशे कोंबड्या — हे शेड मी एकटीनं उभं केलंय.

११ डिसेंबर
तळेगावला जाऊन पशुवैद्य अमृता मॅडमना भेटले. म्हणाल्या, खाद्यात सोयापेंड गरजेपेक्षा जास्त होतेय. अंगी लागत नाही ते विष्ठेतून पडतं, त्याचाच हा वास. पेंड कमी करा, उणी पडणारी अमिनो आम्लं तेवढी मोजून मिसळा. शिवाय एक पावडर — तिनं धान्यातला फॉस्फरस कोंबडीला पचतो, विष्ठेतून वाया जात नाही; नाहीतर तोच पाण्यात उतरून हिरवं शेवाळ वाढवतो.
म्हणजे इतके दिवस मी आबांच्या विहिरीलाच चारत होते!

१५ डिसेंबर
कोंबड्यांखाली अंथरलेला भाताचा ओला तूस काढून कोरडा पसरला. नवं खाद्य सुरू. माझा नवरा रतन कंपनीतून आला, पोत्यात हात घालून म्हणाला, "पेंड एवढी कमी? अंडी घटली तर?"
मी पाटी भरून चारायला निघाले.

१९ डिसेंबर
रोज सहाशे चाळीस अंडी असतात. आज पाचशे नव्वद. मॅडम फोनवर म्हणाल्या, "खाद्य बदललं की थोडे दिवस कमी खातात. आता मागे फिरू नका."

२९ डिसेंबर
सहाशे पंचेचाळीस. दोनदा मोजली.

१२ जानेवारी
तूस अजून कोरडा, भुसभुशीत. डोळे झोंबत नाहीत. आज चहा शेडमध्येच बसून प्यायले. रतन दारात थबकला — "आत बसून?" मग तोही कप घेऊन आला. एका कोंबडीनं त्याच्या बुटाची नाडी ओढली. किती दिवसांनी एवढे हसलो आम्ही.

२६ जानेवारी
ग्रामसभा. आबा उठले.
"तक्रार मीच केलती. पंधरा दिस झालं, शेडाजवळनं जातोय, वास न्हाई. विहिरीचं पावसाळ्यात बघू. तवर शेड ऱ्हाऊ द्या."
एवढं बोलून बसले. मी ओढणीआड हसून घेतलं.

२७ जानेवारी
सकाळीच आबांची सून सविता आली, हातात कोरी वही. "ताई, आबांनी धाडलंय. आमालाबी शेड टाकायचंय. आदी खाद्याचं शिकवा."