तलावाकाठचा सायकलमार्ग, कालक्रमानुसार

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. शिकलेल्या माणसाच्या विचारांची कुठेतरी नोंद हवी. घरात पदवीधर मी एकटीच, तेव्हा नोंदही मलाच करावी लागणार.

पर्यटन कार्यालयात आज मोठं काम मिळालं. तलावाभोवती सायकलमार्ग आखायचा, वाटेतल्या जुन्या वास्तूंसह. पुस्तिका, रस्त्यावर बाणांच्या पाट्या आणि १५ मार्चला उद्घाटनाची राइड. माझी ऑर्डर ३१ मार्चपर्यंतच आहे. साहेब म्हणाले, मार्ग गाजला तर ही पोस्ट कायम करा म्हणून मी वर लिहितो. शिवाय, तुम्हाला तर सायकलिंगची आवड आहेच, अर्जात वाचलं, असंही म्हणाले. मी हो म्हटलं. आवड आहेच. सायकल येत नाही, एवढंच. रकाना आवडीचा होता.

शिकायला आठ दिवस पुरे.

संध्याकाळी घरी सांगितलं. बाबा गवंडी आहेत, गुडघे पार गेलेत. म्हणाले, तुझी कायमची ऑर्डर आली की मी परांचीवर चढायचं सोडलं, चार मजले चढउतार आता होत नाही. आईच्या तोंडात टाचण्या होत्या (कुणाचा तरी ब्लाउज उद्या द्यायचाय), म्हणून तिने नुसती मान हलवली. धाकटी म्हणाली, ताई, तुला तर सायकल स्टँडवर लावता येत नाही. धाकटी अकरावीत आहे. दुर्लक्ष केलं.

५ फेब्रुवारी
पाच वास्तू नक्की केल्या. टेहळणीचा बुरूज, दगडी पूल, पाणचक्की, उन्हाळी महाल, जुनं पंपघर. बुरूज, चक्की आणि पंपघर आपल्या काठाला, एकमेकांना हाक ऐकू जाईल इतके जवळ. पूल आणि महाल पलीकडच्या काठाला.

दुपारी जेवताना एकदम सुचलं. लोक वाटेत येईल ते बघत सुटतात, त्यामुळे त्यांना इतिहास कळत नाही. आपला मार्ग कालक्रमाने जाईल! आधी बुरूज, मग पूल, मग चक्की, मग महाल, शेवटी पंपघर. नाहीतर माणूस नातवाला आधी भेटतो आणि आजोबांना मागून.

यासाठी तलावाच्या या काठावरून त्या काठावर चार वेळा जावं लागतं. एकूण बावन्न किलोमीटर. सरळ फेरा मारला तर सव्वीसच भरत होते. दुप्पट काम केलं.

९ फेब्रुवारी
सायकल, दिवस पहिला. धाकटीची सायकल, आमची गल्ली. पडले नाही. बसलेच नाही.

तोल ही मुळात मनाची गोष्ट आहे. उद्या बसणार.

११ फेब्रुवारी
ऑफिसच्या जीपमधून पाहणी. ड्रायव्हरकाका तीस वर्षं या रस्त्यावर आहेत. त्यांना नकाशा दाखवला. त्यांनी तो आडवा धरला, उभा धरला. म्हणाले, मॅडम, चक्की बुरजाच्या पाठीला पाठ लावून उभी आहे. बुरूज बघायचा, चक्कीकडे पाठ फिरवून तेरा किलोमीटर पुलाला जायचं आणि तिथून परत चक्कीला यायचं, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? मी समजावलं की चक्की पुलाच्या नंतर बांधली. ते म्हणाले, मग चक्कीला काय माहीत आहे का ते?

अनुभवी माणूस, पण शिक्षण नाही. वाईट वाटलं.

१८ फेब्रुवारी
आठ दिवस काल संपले. मोजताना रविवार धरायचे नव्हते, शिवाय दोन दिवस पाहणीत गेले. गल्लीला उतार आहे हे मुख्य कारण. धाकटीला तसं सांगितलं. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. शेजारच्या काकू गॅलरीतून हसल्या. उजवा गुडघा सोलला. आईने सलवारीला ठिगळ लावलं आणि विचारलं, ऑफिसात बसून करायचं काम असतं ना गं तुझं?

नवा संकल्प: फेब्रुवारीअखेर.

२४ फेब्रुवारी
पाट्यांचं काम सुरू. पेंटर भला माणूस आहे, पण प्रश्न फार विचारतो. फाट्यावरच्या खांबावर दोन नंबरचा बाण डावीकडे, तीनचा उजवीकडे, चारचा पुन्हा डावीकडे, पाचचा पुन्हा उजवीकडे. तो म्हणाला, ताई, एकदा घरी विचारून घ्या. मी म्हटलं, घरी कोणाला विचारू, शिकलेली मीच आहे. तो म्हणाला, मग राहू द्या, आणि ब्रश बुडवला.

लांबून खांब फार छान दिसतो. सगळ्या बाजूंना बोटं दाखवणारा.

२ मार्च
साहेबांनी पुस्तिका मंजूर केली. स्वतःच्या फोटोचं पान नीट वाचलं, बाकीच्या पानांवर सह्या केल्या. म्हणजे विश्वास.

सायकल क्लबच्या अध्यक्षांचा फोन आला. दातांचे डॉक्टर होते, आता रिटायर. त्यांनी विचारलं, चढ किती? मी महालाचं साल सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, चढ किती? मी म्हटलं, महालाच्या अलीकडे थोडा आहे, पण इतिहास म्हटला की चढउतार आलेच. त्यांनी फोन ठेवून दिला. प्रभावित झाले असावेत.

फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचाच असतो हे संकल्प करताना लक्षात घेतलं नव्हतं.

७ मार्च
बाबांनी आज मुकादमाला सांगून टाकलं, एक एप्रिलपासून येणार नाही, मोठीची नोकरी कायम होतेय. मी म्हटलं, बाबा, ऑर्डर हातात येऊ द्या आधी. ते म्हणाले, अगं, पदवी घेतलीस तू, आता राहिलं काय? त्यांचं बरोबर वाटतं. मलाही तसंच वाटत होतं.

कॅरियर धाकटीने धरला तर मी गल्लीच्या टोकापर्यंत जाते. ती म्हणते, ताई, तू जात नाहीस, मी ढकलतेय.

१२ मार्च
साहेब म्हणाले, रविवारी राइडच्या पुढे तुम्हीच राहायचं. पण वेळेवर सुचलं. मी म्हटलं, सर, प्रत्येक ठिकाणी माहिती द्यायला मला आधीच पोचायला हवं. साहेबांनी जीप दिली. नेतृत्व अनेक प्रकारचं असतं.

तीन दिवसांत सायकल शिकणं शक्य आहे. पण घाईत शिकलेलं टिकत नाही.

१५ मार्च, रविवार
सकाळी ६.४०. बुरूज. अडतीस सायकलस्वार आले! माझं भाषण चाळीस मिनिटांचं होतं. अकराव्या मिनिटाला डॉक्टरांनी हेल्मेट घातलं, मग सगळ्यांनीच घातलं.

७.४०. आम्ही जीपने पुलावर. कोणी नाही. अजून येतील.

८.००. कोणी नाही. चुकले असावेत. चक्कीकडे निघालो.

८.१५. वाटेत सगळे समोरून आले. अडतीसच्या अडतीस. चक्की आणि पंपघर बघूनच निघाले होते. मी खिडकीतून ओरडले, आधी पूल! ते म्हणाले, तिकडेच चाललोय! आणि हात हलवले. हसत होते. मग चक्कीवर जाऊन माहिती कोणाला द्यायची, हे काकांनी विचारलं. मी म्हटलं, क्रम म्हणजे क्रम.

९.००. चक्कीवर मी आणि काका. माहिती काकांना दिली.

१०.१०. महाल. पहारेकरी म्हणाला, आले, फोटो काढले, पलीकडच्या रस्त्याने गेलेसुद्धा. काका म्हणाले, मॅडम, वरातीमागून घोडं ऐकलं होतं, आपण तर दुसऱ्याच लग्नाला चाललोय.

११.००. पंपघर. पलीकडे बुरजाजवळ टाळ्या ऐकू आल्या. साहेबांचं भाषण चाललं होतं.

डॉक्टर म्हणाले, इतका सुंदर रस्ता आपल्याकडे आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. पुस्तिकेबद्दल विचारलं तर एक बाई मनापासून म्हणाल्या, कागद छान जाड आहे, गवत ओलं होतं ना, बसायला बरी पडली.

१७ मार्च
मार्ग गाजला. पेपरात फोटो आला. साहेबांनी वर लिहिलं. पाट्यांचे नंबर रस्त्याप्रमाणे बदलायचे ठरलं. पेंटर शीळ घालत होता.

मार्ग माझाच आहे. लोक त्याच्यावरून चुकीच्या क्रमाने गेले, हा वेगळा मुद्दा.

२१ मार्च
पोस्ट कायम झाली!

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून जाहिरातीचा कागद दाखवला. नियमाप्रमाणे जाहिरात द्यावी लागते म्हणाले. पात्रता पदवीधर, शिवाय सायकल चालवता येणे आवश्यक. चाचणी २९ तारखेला: उमेदवाराने सायकलसह तलावाचा पूर्ण फेरा करावा. साहेब हळू आवाजात म्हणाले, ही अट मी तुमच्यासाठीच घातलीय. नाहीतर शंभर अर्ज येतील. आता तुमच्यासारखं सायकल चालवणारं येतंय कोण?

मी थँक्यू सर म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

२५ मार्च
रोज दोन तास. आज कोणीही न धरता गेले. अंतर धाकटीने पावलांनी मोजलं, चार पावलं. पुढे काकूंच्या कुंड्या होत्या.

धाकटी आता चिडवत नाही. नीट सांगते, समोर बघ, खाली बघू नकोस. तिने चिडवलेलं परवडायचं. घरी सांगायचं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, अजून चार दिवस आहेत. चार दिवसांत राज्यं बदललेली आहेत.

२९ मार्च, रविवार
उमेदवार तीन. एक मुलगा, एक मुलगी, मी. सातला बुरजापासून सुटायचं. साहेबांनी हिरवं निशाण हलवलं आणि मला हळूच अंगठा दाखवला. मी म्हटलं, या दोघांना पुढे जाऊ द्या, अतिथी आहेत. वळणाआड गेल्यावर पायडलवर पाय ठेवला. खड्ड्यात गेले. पुन्हा ठेवला. पुन्हा गेले. मग सायकल हातात धरून चालू लागले.

जाहिरातीत 'सायकलसह' म्हटलं आहे. मी सायकलसह होते. एक क्षणही सोडली नाही.

महालाचा चढ खरोखरच फार आहे. डॉक्टर दोनदा विचारत होते ते बरोबर होतं.

दुपारी तीनला बुरजापाशी पोचले. साहेब केव्हाच गेले होते. नोंद करायला ड्रायव्हरकाकांना बसवून ठेवलं होतं. त्यांनी पाणी दिलं. कागदावर वेळ लिहिली, आठ तास. शेऱ्याच्या रकान्यासमोर पेन धरून बराच विचार केला आणि लिहिलं, पोचली.

३१ मार्च
त्या मुलीला घेतलं. एक तास वीस मिनिटं. कॉमर्सची आहे, स्वभावाने चांगली वाटली. माझ्याकडून फाइल घेताना विचारलं, दीदी, यातलं आधीचं काय, पूल की चक्की? मी सांगितलं. तिने लिहून घेतलं.

साहेब म्हणाले, तुम्ही आधी बोलला असतात तर अट घातलीच नसती. मी म्हटलं, हो सर.

घरी आल्यावर सगळं सांगितलं. एका वाक्यात झालं. मला वाटलं होतं वेळ लागेल. आईने मशीन थांबवलं. धाकटी माझ्याजवळ येऊन बसली. बाबा म्हणाले, बरं. मग उठून, गुडघा धरत, दारात जाऊन मुकादमाला फोन लावला. उद्यापासून पुन्हा येऊ का, जागा भरली नसेल तर, असं विचारत होते.

मुकादम म्हणाला, भरलीच नव्हती.