परातीत दिसणारे ओठ

आई,

काल कानांची नवी यंत्रं बसवून घेतली. शेंगदाण्याएवढी आहेत. तू पाहिली असतीस तर म्हणाली असतीस, "एवढीशी? एका शिंकेत उडून जातील की गं." बसवणारी मुलगी माझ्या धाकटीहूनही लहान होती. तिने मला तिच्याकडे पाठ करून बसवलं आणि मागून एकेक शब्द म्हणू लागली. मी तो परत म्हणायचा. आणि मी, साठी उलटलेली बाई, समोरच्या कपाटाच्या काचेत तिचे ओठ शोधू लागले. लक्षात आल्यावर इतकं हसू फुटलं की तपासणी थांबवावी लागली. काय झालं म्हणून तिने विचारलं, पण तिला कुठून आणि काय सांगायचं? म्हणून तुला लिहिते आहे.

बाबांची नागपूरहून कलकत्त्याला बदली झाली आणि आपण बागबाजारच्या त्या दोन खोल्यांत आलो, तेव्हा मी सात वर्षांची. चौथ्या वर्षीच्या तापात माझं ऐकणं बरंचसं गेलं होतं. कलकत्त्यात मला पहिलं यंत्र मिळालं. काड्यापेटीच्या दुप्पट आकाराची ती डबी छातीवर बांधायची, तिच्यातून निघालेली वायर कानापर्यंत न्यायची आणि कानात मापाचा साचा घालून त्याला ती जोडायची. डबीसाठी पिशव्या तू शिवल्यास, प्रत्येक फ्रॉकला शोभेल अशी वेगळी, पाठीवर फुली येणाऱ्या दोन पट्ट्यांची. खालच्या मजल्यावरच्या काकाबाबूंना तो ट्रान्झिस्टर वाटला आणि त्यांनी जिन्यात तुला क्रिकेटचा स्कोअर विचारला. "लंच चल रहा है," असं तू गंभीर चेहऱ्याने सांगून वर आलीस आणि मग दार लावून पोट धरून हसलीस. तिथल्या दमट हवेत डबी घामाने भिजायची. संध्याकाळी तू ती पुसायचीस, सेल काढून ठेवायचीस आणि भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसोबत डब्यात बंद करायचीस. लोणच्याच्या बरणीचेही एवढे लाड तू केले नसशील.

यंत्र मिळालं त्या केंद्रातल्या शिक्षिकेने, दिदिमणींनी, तुला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक म्हणजे घरात एकच भाषा बोला, आणि ती शाळेची असू द्या. त्यावर तू अगदी आज्ञाधारकपणे मान डोलावलीस आणि ट्राममध्ये बसल्यापासून घरी पोचेपर्यंत माझ्याशी मराठीत बोलत राहिलीस. मान डोलावून मनाचंच करायचं, हे मी कुठे शिकले ते आता तरी तुझ्या ध्यानात येईल. दुसरी गोष्ट मात्र तू एक दिवस चुकवली नाहीस. रोज सकाळी डबी चढवली की तू मला स्वयंपाकघरात पाठ करून बसवायचीस आणि मागून आ, ई, ऊ, श, स यांतलं काहीतरी म्हणायचीस. मी तेच म्हणायचं. पाच महिन्यांनी दिदिमणी माझी परीक्षा घेणार होत्या. यंत्र लावून मला नीट ऐकू येतं असं त्यांनी लिहून दिलं, तर घराजवळच्या साध्या शाळेत नाव घालता येणार होतं. नाहीतर दूरची वसतिगृहाची शाळा, आणि तू फक्त सुट्टीत भेटणार.

सुरुवातीला मला खरंच ऐकू येत होतं. पण पोर वाढतं तसे त्याचे कानही वाढतात, हे आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. साचा सैल झाला आणि फटीतून आवाज बाहेर पडून यंत्र शिट्टी घालू लागलं. गंमत अशी की ती शिट्टी मला ऐकू यायची नाही, तुला यायची. तू बिचारी डबीवरची चकती फिरवून आवाज कमी करायचीस. शिट्टी थांबली की तुला वाटायचं, झालं, यंत्र सुधारलं. माझ्यापर्यंत तेव्हा फक्त "आ" पोचत होता, तोही पुसट.

पण माझ्यासमोर फळीवर तुझी स्टीलची परात उभी असायची. माहेरहून आणलेली, रोज घासून घासून तू तिचा आरसा केलेला. तिच्यात तू दिसायचीस, जराशी रुंद, पण ओठ स्पष्ट. ओठ पुढे आले की मी "श" म्हणायचे, दात दिसले की "स". बरोबर आलं की परातीतला तुझा चेहरा असा काही फुलायचा की मला दुसरं काही सुचायचंच नाही. मी तुला फसवत होते असं मला तेव्हा वाटलं नाही. मी तुला खूश करत होते.

परीक्षेच्या दिवशी समोर नुसती पांढरी भिंत. मागून आवाज आला की हातातला मणी वाटीत टाकायचा. शेवटी वाटीत दोनच मणी होते. दिदिमणींनी तुझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "दिदी, घरे ओ शुनते पाय?" घरी तिला ऐकू येतं ना, म्हणून. तू "रोज, रोज," म्हणालीस आणि पदर तोंडाला लावलास.

घरी आल्यावर चप्पलही न काढता विचारलंस, "मग मला कशी उत्तरं देत होतीस?" मी परातीकडे बोट दाखवलं. तू माझ्या जागेवर बसलीस आणि समोर पाहिलंस. मला वाटलं, आता धपाटा मिळणार. पण तू माझी हनुवटी धरून, ओठ नीट हलवत म्हणालीस, "माझ्यासाठी खोटं ऐकू नकोस. नाही आलं तर नाही म्हण. तू नाही म्हटलंस तरच मला कळेल ना, कुठे बिघडलंय ते."

दुसऱ्या दिवसापासून परात पालथी झाली आणि नवा नियम आला, प्रत्येक खऱ्या "नाही"ला खोबऱ्याचा एक तुकडा. आठवड्यात माझं पोट बिघडलं आणि दिदिमणींना साच्याचा पत्ता लागला. कानात गुलाबी लगदा भरून नवीन माप घेतलं, नवा साचा आला, चकती पुन्हा वर गेली. त्या दिवशी तू फोडणी घातलीस. मोहरी तडतडते हे मला कित्येक महिने नुसतं दिसत होतं. मी दचकून उठले, आणि तू झारा हातात धरून रडायला लागलीस. पुढच्या परीक्षेत वाटी भरली आणि मी घराजवळच्या शाळेत गेले.

"ऐकू आलं नाही, परत सांगा," हे वाक्य मी नंतर जन्मभर म्हणत आले. साहेबांना म्हटलं, सासूबाईंना म्हटलं, लग्नात भटजींनाही म्हटलं. कधी लाज वाटली नाही, आणि ते तुझं देणं आहे.

एकदाच म्हटलं नाही. पुढे घेतलेल्या बराकपूरच्या घरी, त्या शेवटच्या दुपारी, तुझी कवळी वाटीत काढून ठेवलेली होती. तू माझा हात धरलास आणि पुष्कळ काहीतरी बोललीस. आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता, आणि बिनदातांचे ते ओठ मला वाचता येईनात. तू थांबून माझ्याकडे पाहिलंस, आणि मी म्हटलं, "हो, आई." तुझा चेहरा परातीतल्यासारखा फुलला. मग तू समाधानाने डोळे मिटलेस. चौथ्या दिवशी गेलीस. आई शेवटचं काय बोलली म्हणून सगळे विचारतात, आणि मी सांगते, आमच्या दोघींतलं आहे.

हे पत्र यंत्रांच्या डब्यात तळाशी ठेवणार आहे. डब्यात अजून भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी असते, त्या मुलीने दिलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्यांवर माझा भरवसा नाही.

नाही, आई. त्या दुपारचं मला ऐकू आलं नव्हतं.