दुसऱ्या हातावरचं घड्याळ

ती. ताईला धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे, जेवणखाण वेळेवर होतं. खोकं काल रवाना केलं. भावोजींचे कपडे, चष्मा सगळं आहे त्यात. त्यांचं पाण्यातलं घड्याळ तेवढं नाही. त्याबद्दलच लिहितोय.

आम्ही पाणबुडे किती खोल गेलो, वर येताना कुठे किती थांबायचं, हे ते घड्याळ सांगतं. घाईने वर आलं तर माणूस जन्माचा अधू होतो. माझं बिघडलं म्हणून दुकानात गेलो. एक रंगीत पडद्याचं होतं, एक साधं, सेल आपला आपण बदलता येईल असं. भावोजी असते तर म्हणाले असते, "मेव्हणेबुवा, पाण्याखाली हौस कशाला?" साधंच घेतलं. आणि ते बंद पडलं तर जोडीला असावं म्हणून दुसऱ्या हातावर त्यांचं बांधलं.

मंगळवारी जहाजाच्या तळाशी काम करताना नव्यात पाणी शिरलं. घाबरू नकोस, त्यांच्या घड्याळाकडे बघत सावकाश वर आलो. मध्ये दोरी धरून थांबायचं होतं, तिथे रडू आलं. तापाने ते गेले त्यानंतर पहिल्यांदाच. काचेआड डोळे पुसता येत नाहीत गं.

आईचे गुडघे कसे आहेत? तुझी चिमणी अजून बाबांची वाट बघते का?

घड्याळावर हक्क तुझा. हवं असेल तर लिही, लगेच पाठवतो. पट्टा मी आवळलेला नाही. त्यांच्याच भोकावर आहे, माझ्या हाताला सैल होतो.

तुझा,
धाकटा