मस्टरवर नसलेली नऊ वर्षं

प्रिय काका,

फोनवर तुम्ही दोन वाक्यांत तब्येत विचारता आणि लगेच काकूकडे फोन देता, म्हणून हे पत्र. शिवाय तुमच्यासमोर उलट बोलायची मला सवय नाही. कागदावर जमतंय का बघतो.

मी बरा आहे. खोली दोघांत एक, खिडकी मागच्या गल्लीत उघडते. सोबतचा वेल्डर घोरतो, पण माणूस देवमाणूस. इथली लेथ आपल्या शेडमधल्या सगळ्या मशीन विकूनही आली नसती, तरी टूल बोथट झालं की आवाजावरून ते सगळ्यांआधी मलाच कळतं. फोरमनने विचारलं, कुठे शिकलास? म्हटलं, काकांकडे, कानफटात खाऊन. त्याला ती थट्टा वाटली.

आता मुद्द्याचं. या देशात कायमचं राहायला दोन वाटा आहेत. एक मालकाच्या हमीची. चार वर्षं त्याच्याच दारात राबायचं, नोकरी सोडली की परवानगी गेली, आणि तोवर बायको-मुलीला आणता येत नाही. दुसरी गुणांची. वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण पुरेसे भरले की कुणाचं मिंधं राहायला नको, तिघांना एकदमच परवाना. चिमणी आत्ता पाच वर्षांची आहे. पहिल्या वाटेने गेलो तर ती माझ्याकडे राहायला येईल तेव्हा नऊची असेल. परवा व्हिडिओवर तिने मला 'अहो' म्हणून हाक मारली. बायको हसली, मला काही हसू आलं नाही.

मी अर्थातच गुणांची वाट धरली. माझे गुण भरतात ते तुमच्याकडच्या नऊ वर्षांमुळे, आणि गंमत बघा, नेमका त्या नऊ वर्षांचाच कागद नाही. शेडमधल्या बाकी तिघांची नावं मस्टरवर होती, माझं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा मी भीत भीत म्हटलं होतं, माझंही नाव घाला. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. घरच्या पोराची कसली हजेरी लावायची, असं काकूला ऐकवलंत, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मीही गप्प बसलो, तेव्हा चूक तुमची एकट्याची नाही.

तरी मी मागितल्यावर तुम्ही अनुभवाचं पत्र दिलंत, सहीशिक्क्यासकट. मग इथल्या परवान्याच्या कचेरीने नेमलेल्या माणसाचा तुम्हाला पडताळणीचा फोन आला. तुम्ही त्याला कसं सुनावलंत ते काकूने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्याने विचारलं, हा तुमच्याकडे नोकरीला होता का? तुम्ही म्हणालात, नोकर कुणाला म्हणता, तो माझा मुलगा आहे. तुमचा आवाज भरून आला होता म्हणे. बाबा गेल्यापासून मी ज्या वाक्याची वाट बघत होतो, ते तुम्ही मला नाही, एका परक्या माणसाला सांगितलंत. त्याने ते इमानदारीत टिपून घेतलं: अर्जदार नोकरीत नव्हता. नऊ वर्षांचा अनुभव शून्य धरला आणि अर्ज नामंजूर झाला.

तुम्हाला मी सांगितलं की नियम बदलले. ते खोटं होतं. नियम आहेत तेच आहेत. खरं सांगायचं तर मला तुमचा भयंकर राग आला होता, आणि त्याच रागात ते वाक्य मी काकूकडून तीनदा वदवून घेतलं.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? फेरविचाराची मुदत तीस तारखेपर्यंत आहे. सोबत प्रतिज्ञापत्र पाठवलंय, नोटरीसमोर सही करायची. त्यात लिहिलंय की मी नऊ वर्षं तुमच्या हाताखाली रोज आठ तास टर्नर म्हणून काम केलं, दर महिन्याला मोबदला घेतला, आणि कामापुरतं आपलं नातं मालक आणि कामगाराचं होतं. यातलं काहीच खोटं नाही, पण मी तुम्हाला ओळखतो, शेवटची ओळ वाचून तुम्ही कागद बाजूला सारणार. सारू नका. पुन्हा फोन येईल, तेव्हा त्या माणसाला मी मुलगा आहे असं सांगू नका, काका. एकदा मला परकं करा, म्हणजे चिमणीला तिचा बाप मिळेल.

काहीही लिहून दिलंत तरी तुमचाच,
बारक्या