हौदातला तहसीलदार

१२ नोव्हें.
मामी गेली. पांढरी मासोळी, हौदात उलटी तरंगत होती. ह्यांच्या खाटेवरून हौद सरळ दिसतो, म्हणून हे उठायच्या आत काढली आणि जास्वंदीखाली पुरली. लकवा झाल्यापासून ह्यांच्या तोंडून शब्द निघतो तो फक्त मासे बघताना. "लाली." "मामी." एकेकच, पण निघतो. माझं नाव अजून नाही. असो. शहाद्याच्या स्पीचवाल्या मॅडम म्हणतात, बोलतं ठेवा, वाक्यंही येतील. मासे आहेत तोवर बोलतील, एवढंच धरून बसलेय.

१४ नोव्हें.
सोनलने पुण्याहून पाणी तपासायच्या पट्ट्या पाठवल्या. बुडवली तर गडद गुलाबी, डबीवरचा शेवटचा, सगळ्यात वाईट रंग. नायट्रेट. लेक फोनवर म्हणाली, "आई, उरलेलं खाणं, माशांची घाण, सगळं कुजून तेच होतं. पाणी बदलत राहा."
खाणं तर विचारूच नका. ह्यांना बघायला येणारा प्रत्येक जण बिस्किटपुडा आणतो. आजारी माणूस खात नाही, मग बसल्या बसल्या हौदात. परवा चुलतसासूबाईंनी अख्खा पुडा संपवला. "मुक्या जीवले खावाडं ते पुन्य लागस." लागू दे. उद्यापासून हौदावर जाळी.

१८ नोव्हें.
जाळी टाकली, चुलतसासूबाई रुसल्या. रोज निम्मा हौद उपसून बोअरचं पाणी भरते. कंबर गेली. पट्टी तश्शीच. लाली तळाशी बसून, खात नाही.

२२ नोव्हें., शनि.
लाली पण. ह्यांनी बोट दाखवलं, ओठ हलले, शब्द आला नाही. दिवसभर आला नाही.

२५ नोव्हें.
पट्ट्याच खराब असतील म्हणून एक बोअरच्या नळाखाली धरली. तोच रंग.
म्हणजे इतके दिवस मी... रोज... माझ्याच हाताने.
बोअर केळीच्या बांधावर. केळी आमचीच, तिचा युरिया मुरून नायट्रेट होऊन बोअरात उतरतो तोही आमचाच. ड्रीपमधून युरिया सोडतो तो आबाही आमचाच, ह्यांचा धाकटा भाऊ. त्याला म्हटलं तर, "वहिनी, युरिया नही दिधा ते घड कसा भरी? आन् हाईच पानी आपन पी ऱ्हायनूत ना, कोन मरना?"
दगडावर डोकं आपटायचं. सकाळी ह्यांना औषधाबरोबर त्याच पाण्याचा पेला दिला होता. स्वयंपाकाला आणि प्यायला आजपासून जार.

२९ नोव्हें.
जार आणून हौद कुठे भरतो. प्रकाशा गावाहून तापीतली जलपर्णी आणवली, ती म्हणे नायट्रेट खाते. गावात हसतायत, लोक नदीतून काढून फेकतात, ही बाई घरी आणते. हसा. थंडीत तीही वाढेना.
हौदात आता एकटा तहसीलदार. पोट तेवढं, म्हणून ह्यांनीच ठेवलेलं नाव. हल्ली 'तह' पर्यंत येतात आणि रडतात. मी पाठ फिरवून उभी राहते. काय करू, कळत नाही. खरंच कळत नाही.

३ डिसें.
तहसीलदार कडेला येऊन नुसतं तोंड हलवतो. दुपारी उपसताना बादली निसटली, तिथेच चिखलात बसून रडले. लाजही वाटली नाही.
ह्यांनी खाटेवरून आवाज काढला. जवळ गेले. माझा ओला हात धरला. मग हौदाकडे बघून, एकेक शब्द सुटा, पण स्वच्छ,
"आते... सोडी... दे."
मी म्हटलं, नही सोडसू, त्याले बी नही आन् तुमले बी नही. ऐकलं की नाही कोण जाणे. डोळे मिटले होते.
आजारपणातलं पहिलं वाक्य. मॅडमना कळवायला हवं, त्या वाट बघतायत. फोन हातात घेऊन बसलेय. काय म्हणाले विचारतील, तर काय सांगू?