डाव्या पंखाचा बोल्ट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा विमानाच्या कसरती, आठ वर्षांपासून बेकार, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि मी दोनपर्यंत बिनचूक गेलो. विमानांच्या शोचे नियम ज्यांनी केले त्यांची अशी परीक्षा कोणी घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली करत नाही. मला दडपणात ठेवू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझी बायको, आणि ती सहा वर्षांपूर्वी गेली. याआधी रागाच्या भरात केलेली माझी तीन मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्या तिन्हींत मी माझ्या एकुलत्या एका मुलीला काहीही ठेवले नव्हते. लेखनिक माझा धाकटा भाऊ. चाळीस वर्षे माझ्या विमानाचा मेकॅनिक तोच, आणि लॉगबुके लिहून लिहून त्याचे अक्षर सुधारले आहे. मी सांगतो तसे लिहायचे, मध्ये तोंड घालायचे नाही, असे ठरले आहे.

कलम १. राहते घर, दोन खोल्या आणि मागचा ओटा, धाकट्याला द्यावे. स्वयंपाकघरातला नळ गळतो. बायको म्हणायची, "दोघं भाऊ विमान आभाळात धाडतात आणि एक वॉशर बसवता येत नाही." वॉशर अजून बसलेला नाही. धाकट्याने आता निवांतपणे बसवावा.

कलम २. मैदान लांबीला आठशे मीटर आणि रुंदीला एकशे नव्वद. वर्षातून एका रविवारी इथे आमचा शो व्हायचा. तीन विमाने, माझे पुढे आणि पाहुण्यांची दोन त्याच्या मागे, एक लाउडस्पीकर, दोनशे बारा घडीच्या खुर्च्या, बाकीचे लोक गवतावर. एका वर्षी एक नवरी लग्न लागल्या लागल्या थेट इथे आली. नवरा खुर्च्या धरून ठेवायला आधीच येऊन बसला होता.

या मैदानावर माझ्या भाच्याचा डोळा आहे. दर भेटीत सुरुवात ठरलेली, "मामा, गोदामाला देऊन टाका, नुसतं गवत वाढवून काय मिळतं?" त्याला मैदानातली वीतभरही जागा मिळणार नाही. त्याला मी दोनशे बारा खुर्च्या देतो. बसून राहण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, तेव्हा त्या वाया जाणार नाहीत.

कलम ३. नियमांच्या कार्यालयाला त्यांचा चौसष्ट पानी फॉर्म कोरा परत करावा.

कुठल्याशा मोठ्या शहरातल्या मोठ्या शोमध्ये एक जेट गर्दीत कोसळले. माणसे गेली. त्यांच्याबद्दल मी एक शब्द वावगा बोलणार नाही, ती बिचारी मान वर करून उभी होती. पण पुढच्या वर्षी जे नियम आले ते बेतले जेटच्या मापाने आणि चढवले आमच्या अंगावर. चोर सोडून संन्याशाला फाशी. प्रेक्षक विमानाच्या रेषेपासून दोनशे तीस मीटर लांब हवेत. माझे अख्खे मैदान एकशे नव्वद, पलीकडे शेजाऱ्याचे तळे. मी पत्र लिहून विचारले, "प्रेक्षकांना तळ्यात बसवले तर चालेल काय?" दीड महिन्याने उत्तर आले, "जीवरक्षकांची संख्या कळवावी." पत्र टेबलाच्या खालच्या खणात आहे, ज्याला विश्वास बसत नसेल त्याने वाचावे.

दोन रुग्णवाहिका, एक आगीचा बंब, शौचालयांचा नकाशा. फॉर्मात प्रश्न होता, पक्षी विमानावर आदळण्याची शक्यता किती? मी लिहिले, पक्ष्यांना विचारून कळवतो. तो फॉर्म परत आला. मोठ्या शोवाल्यांकडे फॉर्म भरायला वेगळी खोली आणि तीत चार माणसे. आमच्याकडे धाकटा, तोही इंजिनाला तेल घालता घालता. आसपास आमच्यासारखे पाच शो होते, तीन वर्षांत चार बंद पडले. त्यातला एक तर निव्वळ शौचालयांवरून. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या या लोकांपैकी एकानेही आमच्यासारखा छोटा शो कधी गवतावर बसून पाहिलेला नव्हता.

तरी आम्ही टिकलो. तळ्याच्या मालकाने मोठ्या मनाने परवानगी दिली, आणि मी विमान मैदानाऐवजी त्याच्या पाण्यावरून उडवू लागलो. शिव्या देत देत सगळे नियम पाळले. एक सोडून.

कलम ४. त्या एका नियमाबद्दल.

आमच्या धंद्यात रीत आहे, विमान उघडायचे ते शो झाल्यावर. आधी उघडले की जोडताना काहीतरी सैल राहते. चालत्या मशीनला हात लावू नये, हे मला माझ्या उस्तादाने शिकवले आणि त्याला त्याच्या. म्हणून शो रविवारी आणि सोमवारी आम्ही दोघे भाऊ विमान पुरते खोलून बसायचो. नवा नियम म्हणाला, शोच्या आधीच्या तीस दिवसांत खोला, सांधा न् सांधा तपासा आणि तशी नोंद करा. मी म्हटले, माझ्या भावाच्या हातावर ज्याचा विश्वास नाही त्याने आमच्या शोला येऊ नये.

माझी मुलगी त्याच कार्यालयात तपासनीस आहे. याच हँगरमध्ये पाने आणि स्क्रू मोजत वाढली. नोकरी लागली तेव्हा मी म्हटले होते, "वा! आता बापाला फॉर्म पाठव." आठ वर्षांपूर्वी, शोच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी ती तपासणीला आली. साहेबाने फाईल मुद्दाम तिच्या गळ्यात घातली होती. तिथे शो भरवणाऱ्या आमच्या मंडळाचे चाळीसेक लोक खुर्च्या मांडत होते.

"बाबा, तीस दिवसांत उघडल्याची नोंद कुठे आहे?"

"सोमवारी उघडणार."

"शो उद्या आहे."

"म्हणूनच सोमवारी."

"मग उद्या हे विमान उडणार नाही."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडलो, "तुझी आई तुला मांडीवर घेऊन याच विमानात बसायची. तेव्हा कुठे गेले होते तुझे नियम?"

ती म्हणाली, "तेव्हा मला वाचता येत नव्हतं."

मग तिने बंदीचा कागद स्वतःच्या हाताने विमानाला चिकटवला. चिकटपट्टी दोनदा वाकडी लागली, दोन्हीदा तिने ती सोलून पुन्हा लावली. मी ते बघितले आणि मोठ्याने हसलो.

आमच्या मंडळाचा अध्यक्ष, ज्याला सगळे भोंगा म्हणतात, त्याने रविवारी जमलेल्या लोकांना लाउडस्पीकरवरून सांगितले, "मंडळी, आज शो नाही. का नाही, ते पायलटच्या लेकीला विचारा. घर फिरलं की घराचे वासे फिरतात." लोकांनी खरोखरच विचारले. तिच्या गाडीवर खिळ्याने रेघोट्या ओढल्या. मंडळाच्या भिंतीवरचा तिचा फोटो काढला. वाण्यापासून शिंप्यापर्यंत कोणी तिच्याशी बोलेना, तेव्हा तिने बदली मागून घेतली. पुढे शो पुन्हा झालाच नाही, आणि तेही तिच्याच माथी मारले गेले. आईला शेवटचे बघायला आली तेव्हा सगळ्यांच्या मागे एकटी उभी राहिली. मी वळून बघितले नाही.

कलम ५. सोमवारबद्दल. हे धाकटा आणि मी सोडून कोणाला ठाऊक नाही.

शो झाला नाही, पण सोमवार आला. रीतीप्रमाणे विमान उघडायला घेतले. धाकट्याने डाव्या बाजूचा पत्रा काढला. एकावर एक अशा दोन पंखांपैकी खालचा पंख विमानाच्या अंगाला ज्या बोल्टने धरलेला असतो, त्याला पाना लावला, आणि बोल्टचे डोके पान्यासकट त्याच्या हातात आले. तुटलेला भाग आम्ही उजेडात धरला. सगळा गंजून काळा, जुनी चीर. एका कडेला नखाएवढी जागा तेवढी चकचकीत होती, तीच आत्ता तुटलेली. पंख तेवढ्यावर लटकलेला होता.

रविवारी मी गोता मारून विमान वर उचलले असते, तर पंख माझ्याबरोबर वर आला नसता. त्या दिवशी वारा खुर्च्यांच्या दिशेने होता.

धाकटा म्हणाला, "दादा, पोरीने वाचवलं. तिला सांगू या."

मी म्हटले, "तोंड उघडलंस तर तू माझा भाऊ नाहीस." पत्रा परत लावायला लावला, विमानावर ताडपत्री ओढली आणि बोल्ट खणात टाकला. त्यानंतर आठ वर्षे लोक माझ्यासमोर माझ्या मुलीला नावे ठेवत राहिले, आणि मी मान डोलावत राहिलो. बायको आजारात रोज विचारायची, "पोरीला बोलावू का?" मी म्हणायचो, "आधी तिला माफी मागू दे." बायको तशीच गेली. या कागदात मी बऱ्याच जणांची लाज काढली आहे, पण त्या सगळ्यांत हलकट माणूस मी आहे. धाकट्या, हे जसेच्या तसे लिही.

कलम ६. म्हणून पुढीलप्रमाणे करावे.

(अ) मैदान, हँगर आणि विमान माझ्या मुलीला द्यावे. अट काहीही नाही. तिने उडवावे, विकावे, नाहीतर भंगारात घालावे.

(आ) तो बोल्ट भोंग्याला द्यावा. त्याने तो आपल्या टेबलावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा ठेवावा. माझ्या मरणानंतरच्या पहिल्या रविवारी त्याने याच मैदानावर लोक जमवून कलम ४ आणि ५ लाउडस्पीकरवरून वाचावीत, खोकल्याचे सोंग न करता. भाच्याने खुर्च्या त्यानंतर न्याव्यात.

(इ) कार्यालयाला कळवावे की तीस दिवसांचा नियम बरोबर आहे. तो एका पानात मावतो. उरलेली त्रेसष्ट पाने त्यांनी मागे घ्यावीत.

कलम ७. येथून पुढचे वेडेवाकडे अक्षर माझे आहे, कारण धाकट्याने पेन खाली ठेवले आहे. डॉक्टरीणबाई आणि तळ्याचे मालक साक्षीला येऊन बसले आहेत, त्यांच्यादेखत.

तो म्हणतो, "दादा, आठ वर्षं गप्प बसलो. आता पुढे एक ओळ लिहिणार नाही. मेल्यावर माफी मागायला काय लागतं? तिने उलट काही विचारलं तर उत्तर कोण देणार, मी?"

मी म्हटले, "ठरलं होतं, मध्ये तोंड घालायचं नाही."

"मग लिही तूच."

तळ्याचे मालक खिडकीबाहेर बघू लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझे पेशंट खोळंबलेत. एक तर फोन करा, नाहीतर सही करा."

धाकट्याने फोन लावून माझ्या हातात दिला. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर विमान उलटे नेलेला माणूस मी, आणि मी फोन कानाला उलटा धरला.

"हॅलो? काका?"

"काका नाही. मी."

मी सांगितले. सोमवार, पाना, बोल्ट, चीर, ताडपत्री, आठ वर्षे. तिची आई विचारत होती, तेही सांगितले. म्हटले, "तुझं बरोबर होतं आणि मला ते दुसऱ्या दिवसापासून माहीत होतं. मी तुझा गुन्हेगार आहे." ती रडेल, शिव्या देईल, फोन आपटेल, सगळ्याची तयारी मी ठेवली होती.

ती म्हणाली, "डावा तुटला होता. उजवा बघितला का?"

मी धाकट्याकडे बघितले. धाकट्याने मान खाली घातली. त्या दिवशी पत्रा लावला तो लावलाच होता.

"नाही," मी म्हटले.

"आठ वर्षांत?"

"नाही."

"दोन माणसं. चाळीस वर्षांचा धंदा. एका बाजूचा बोल्ट हातात तुटून आला आणि दुसरी बाजू उघडून बघावी असं एकालाही वाटलं नाही? कमाल आहे तुमची, बाबा!"

त्या आवाजातला तुच्छपणा अस्सल आमच्या घरचा होता. असे मला कोणी आठ वर्षांत बोलले नव्हते. मला रडू आले, आणि डॉक्टरीणबाईंनी ते बघितले.

"उद्या सकाळी येते," ती म्हणाली. "मी येईपर्यंत दोघांपैकी कोणी पान्याला हात लावायचा नाही. लिहून ठेवा."

लिहून ठेवले आहे.

सबब कलम ६ (आ) मध्ये बदल करतो. माझ्या मरणाची वाट न बघता भोंग्याने कलम ४ आणि ५ येत्या रविवारीच वाचावीत. मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन. मुलीला यायचे असेल तर तिने यावे, नसेल तर तिच्या वाटची खुर्ची रिकामी ठेवावी, भाच्याने तीवर बसू नये. बाकी सर्व कायम.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या मर्जीप्रमाणे आहे, म्हणून राजीखुशीने सही करतो.

सही : (पायलट)

साक्षीदार १ : डॉक्टरीण. सही करणाऱ्याचे डोके ठिकाणावर आहे. आज दुपारपासून.

साक्षीदार २ : तळ्याचा मालक. माझ्यासमोर सही केली. माझ्यासमोर फोनही केला.

लेखनिक : धाकटा भाऊ. उजवा बोल्ट त्याच दिवशी मी बघायला हवा होता. मेकॅनिक मी आहे.

ठिकाण : हँगरमागची खोली
दिनांक : अकरा मार्च, दुपारी सव्वाचार