ज्या जीपने नेले, त्याच जीपने परत पोहोचविणेबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस ठाणे, हिवरफाटा,
ता. मेहकर, जि. बुलढाणा

अर्जदार : पंजाबराव संपत अवसरमोल, धंदा शेती, रा. मौजे बोरखुटी

विषय : अर्जदारास गावातून नेणाऱ्या सरकारी जीपनेच वाजतगाजत गावात परत पोहोचविणेबाबत.

संदर्भ : मा. उच्च न्यायालय, नागपूर खंडपीठ यांचे फौजदारी व दिवाणी अपिलातील निकाल (दोन्ही अर्जदाराच्या बाजूने!). नकला सोबत.

महोदय,

अर्जदार अत्यानंदाने सविनय निवेदन करतो की,

१. शेजारी शंकरराव यांच्या तक्रारीवरून अर्जदारास विहिरीवरची मोटर चोरल्याबद्दल अटक व पुढे खालच्या कोर्टात शिक्षा झाली. अर्जदार जामिनावर राहून नागपूरपर्यंत लढला. मागील आठवड्यात फौजदारी अपिलात ठरले की, अर्जदाराने मोटर चोरलीच नाही. पाठोपाठ मोटरच्या मालकीच्या दिवाणी अपिलात ठरले की, मोटर मुळात अर्जदाराचीच! म्हणजे साहेब, अर्जदार इतकी वर्षे स्वतःच्याच मोटरचा चोर होता. वकीलसाहेबांचा फोन आला तेव्हा अर्जदाराने मेहकरच्या बसस्थानकावर एका अनोळखी कंडक्टरला कडकडून मिठी मारली. त्याबाबत तक्रार आल्यास ती मात्र खरी समजावी.

२. अर्जदार निकाल घेऊन गावात आला, पण एसटीने आला आणि तिथेच सगळा घोळ झाला. चहावाले गुलाबराव यांनी कागद उलटासुलटा पाहून भर चौकात फर्मावले, "कागद काय, कोनीबी आनते. जीपमंधी गेला होता न बे? मंग जीपमंधीच ये, तवा मानतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. जाताना अर्जदारास अख्ख्या गावाने पाहिले, सुटताना कोणीच नाही, हे अर्जदारासही नाकारता येईना.

३. करिता जीप बाजाराच्या दिवशी, त्याच रस्त्याने आणावी. सायरन वाजवावा, तो बिघडला असल्यास हॉर्न चालेल. बेड्या नकोत, हार अर्जदार स्वतः आणील. गुलाबरावांच्या टपरीपुढे जीप जरा बंद पडली तर उत्तमच, ढकलायला शंकरराव आहेत. निकालापासून ते मान खाली घालून फिरतात, त्यांनाही काहीतरी काम हवे. अर्जदाराच्या मागण्या वाढत चालल्या आहेत हे त्यास कळते, पण काय करणार साहेब, आनंद आवरत नाही!

४. अर्जदाराचे एक सोडा, तो कोडगा होऊन चौकात चहा पीत आला. पण पत्नी जनकाबाई अटकेच्या दिवसापासून चौकातून गेलेल्या नाहीत. बाजारालाही नाल्याकडून वळसा घालून जातात. अर्जदाराने दोन्ही निकाल मोठ्याने वाचून दाखविले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी सुटले जी. मले कोन सोडवीन?" यावर कोणत्याही कोर्टात अपील नाही, म्हणून साहेबांकडे हा अर्ज.

५. अटकेच्या दिवशी जनकाबाई पिठाच्या हातांनी जीपमागे चौकापर्यंत धावल्या होत्या. जीप थांबली नव्हती. सबब, जीपमध्ये जागा एकच असल्यास अर्जदारास घेऊ नये. जनकाबाईंना पुढच्या सीटवर, साहेबांच्या शेजारी बसवावे. अर्जदार मागून धावत येईल.

आपला आज्ञाधारक व आता रीतसर निर्दोष,
(सही)
पंजाबराव संपत अवसरमोल
बोरखुटी, दि. ११/०२/२०२५